ॲटनबरोसॉरस

ॲटनबरोसॉरस ही प्लेसिओसॉर गटातील नामशेष सागरी सरीसृपांची एक प्रजाती आहे. पूर्व जुरासिक काळातील साइनेमुरियन अवधीत, म्हणजे सुमारे १९.९ ते १९.३ कोटी वर्षांपूर्वी, हे प्राणी आजच्या इंग्लंडच्या जागी असलेल्या उथळ समुद्रात राहत होते. ॲटनबरोसॉरस कॉनिबेअरी या जातीचे नाव ज्या सांगाड्यावर आधारलेले आहे, तो दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला. त्यामुळे या प्राण्याचा अभ्यास प्रामुख्याने प्लास्टरची प्रतिकृती आणि जुने लिखित वर्णन यांवरच अवलंबून आहे.

शोध आणि नामकरण

हा सांगाडा डॉर्सेट परगण्यातील चारमाउथ येथे सापडला. जवळच्याच लाइम रीजिस येथे मेरी ॲनिंग यांना १८२३ साली प्लेसिओसॉरसचा पहिला जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला होता. चारमाउथच्या सांगाड्याचे वर्णन भूवैज्ञानिक विल्यम जॉन्सन सोलास यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यास प्लेसिओसॉरस कॉनिबेअरी असे नाव दिले. जातिनाम विल्यम कॉनिबेअर यांच्या सन्मानार्थ आहे. प्लेसिओसॉरस हे नाव कॉनिबेअर व हेन्री डी ला बीच यांनीच १८२१ मध्ये सुचविले होते. पुढे रॉबर्ट बॅकर यांनी १९९३ मध्ये ही जाती वेगळ्या प्रजातीत हलविली व तिला निसर्गविषयक चित्रपटकार डेव्हिड ॲटनबरो यांचे नाव दिले.

वर्णन

या प्राण्याची लांबी सुमारे ४ ते ५ मीटर होती. शरीराला वल्ह्यांसारखे चार अवयव होते. प्लेसिओसॉरांमध्ये बहुधा लांब मान व लहान डोके किंवा आखूड मान व मोठे डोके अशी जोडी आढळते. ॲटनबरोसॉरसमध्ये मात्र मान लांब असूनही डोके मोठे होते. दात मोठे, शंकूच्या आकाराचे व संख्येने कमी होते. अलीकडील वर्गीकरणांत त्याची गणना प्लिओसॉरांच्या आरंभीच्या शाखांमध्ये केली जाते.

मूळ नमुन्याचा नाश

मूळ सांगाडा ब्रिस्टल येथील संग्रहालयात होता. २४ नोव्हेंबर १९४० रोजी जर्मन विमानांनी शहरावर केलेल्या बॉम्बहल्ल्यात संग्रहालयाची इमारत जळाली आणि सांगाडा नष्ट झाला. थेकोडोन्टोसॉरस या डायनोसॉरचा मूळ नमुनाही याच हल्ल्यात गमावला गेला. सोलास यांनी नोंदविलेले त्वचेचे अवशेषही सांगाड्याबरोबर नाहीसे झाले.

त्यापूर्वीच तयार केलेली सांगाड्याची प्लास्टर प्रतिकृती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सुरक्षित आहे. हाडांचा बाह्य आकार व मोजमापे तिच्यावरून कळतात. परंतु हाडांची अंतर्गत रचना किंवा रासायनिक घटक तपासता येत नाहीत. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रतिकृती मूळ नमुन्याची जागा घेऊ शकत नाही. नाव नष्ट झालेल्या नमुन्याशीच जोडलेले राहते. मात्र आवश्यकता भासल्यास दुसरा योग्य जीवाश्म नवा आधारनमुना म्हणून निवडता येतो.