अस्सल आणि नक्कल : रायगड किनाऱ्यावरील मनगटी घड्याळे

जुन्या मराठी कागदपत्रांत 'अस्सल' आणि 'नक्कल' हे शब्द एकमेकांचे वैरी नव्हते. मूळ कागद तो अस्सल, आणि कारकुनाने त्यावरून उतरून घेतलेली प्रत ती नक्कल. ती अस्सलबरहुकूम असली म्हणजे तिलाही मान असे. अरबीत 'नक्ल' या शब्दाचा मूळ अर्थ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेणे असा आहे. लेखाची प्रत हा त्याचा पुढचा अर्थ, आणि बहुरूप्याची हुबेहूब बतावणी हा त्याहून पुढचा. 'नकली' म्हणजे खोटे, ही छटा आज इतकी बळावली आहे की वाहून नेण्याचा मूळ अर्थ कोणाच्या ध्यानीही येत नाही. रायगडच्या किनाऱ्यावरील घड्याळांच्या व्यापाराचा विचार करताना मात्र तो ध्यानी ठेवणे उपयोगी ठरते.

या किनाऱ्यावर खरेखोटेपणाचा प्रश्न प्रथम मालाविषयी नव्हे, तर परवान्याविषयी उपस्थित झाला. पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' आणि कान्होजी आंग्र्यांचे 'दस्तक' जवळ नसेल, तर गलबतातील उत्तमोत्तम मालही जप्तीस पात्र ठरे. कागद खरा की नाही एवढेच पाहिले जाई. ही दृष्टी पुढे फार काळ टिकली.

मुंबईत स्विस घड्याळांचा व्यापार जुना आहे. फाव्र-लूबा या स्विस पेढीने १८६५ मध्येच तेथे आपला व्यवहार सुरू केला होता. स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९५६-५७ च्या परकीय चलनटंचाईनंतर, आयातीवर कडक नियंत्रणे आली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळूर येथे घड्याळे बनविण्यास आरंभ केला. तरीही परदेशी घड्याळाची ओढ ओसरली नाही. मागणी होती आणि राजमार्ग बंद होता, म्हणून आडमार्ग निघाला. आखातातून येणाऱ्या अरबी गलबतांवरील सोने व घड्याळे खोल समुद्रात मचव्यांत उतरवून घ्यावयाची आणि रात्री एखाद्या खाडीत आणावयाची, ही त्या काळची रीत होय. तत्कालीन कुलाबा जिल्ह्याचा किनारा मुंबईस जवळ, त्यात धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट अशा खाड्या, पहारा विरळ. याहून सोयीची जागा शोधूनही सापडली नसती.

या मालाचे महत्त्व शासनाने किती मानले, हे १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या १२३ व्या कलमावरून दिसते. चोरट्या आयातीच्या वाजवी संशयावरून घड्याळ जप्त झाले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडून ते घेतले त्याच्यावर पडतो. सोन्याच्या पंक्तीला घड्याळ बसविणारे हे कलम आजही कायम आहे. म्हणजे मनगटावरचे घड्याळ शंभर टक्के खरे असूनही ते बांधणारा संशयित ठरे.

पुढे श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतील पुष्कळ माणसे आखातात नोकरीस गेली आणि घड्याळ भेटवस्तू म्हणून प्रवाशाच्या पेटीतून येऊ लागले. खाडीची वाट त्यामुळे बंद झाली असे मात्र नव्हे. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे आणि स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. या खटल्यात सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काहींना शिक्षा झाल्या. वर्षानुवर्षे डोळेझाक करण्याची सवय लागली, की पेटाऱ्यात काय आहे हे विचारण्याचीही सवय सुटते.

२००१ मध्ये आयातीवरील उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले आणि परदेशी घड्याळ राजरोस मिळू लागले. राहिली ती फक्त किमतीची भिंत. ती ओलांडण्यासाठी आता खाडीची गरज नाही. अलिबागचा किंवा रोह्याचा तरुण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चित्र पाहतो, मागणी नोंदवितो आणि पार्सल हाती आल्यावर पैसे मोजतो. वाट कायदेशीर आहे. खोटे आहे ते घड्याळ. साठ वर्षांपूर्वी याच्या नेमके उलट होते.

नकली घड्याळ ही काही पूर्वेची निर्मिती नव्हे. अठराव्या शतकात लंडनच्या कारागिरांची खोटी नावे घातलेली घड्याळे युरोपात सर्रास बनत, आणि १८७० च्या सुमारास स्विस कारखान्यांतूनच अमेरिकी घड्याळांच्या नकला निघत. आज ज्याची सर्वाधिक नक्कल होते ते 'रोलेक्स' हे नाव १९०८ मध्ये नोंदविले गेले. कोणत्याही भाषेत सहज उच्चारता यावे म्हणून घडविलेला तो एक निरर्थक शब्द आहे, आणि विकला जातो तो मुख्यतः हाच शब्द.

१९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याची १०३ व १०४ ही कलमे खोटे चिन्ह लावणाऱ्यास व तसा माल विकणाऱ्यास किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कैद सांगतात. स्वतःसाठी घेणाऱ्यास ती लागू होत नाहीत. आयात मालासाठी २००७ मध्ये केलेल्या नियमांनुसार चिन्हाच्या मालकास आपला हक्क सीमाशुल्क खात्याकडे नोंदवून न्हावाशेवासारख्या बंदरात माल अडविता येतो. परंतु वैयक्तिक वापराची छोटी पार्सले त्या नियमांतून वगळलेली आहेत. अस्सल घड्याळवाल्यावर सिद्धतेचा भार, आणि नकलीवाल्यास मोकळीक!

विक्रेत्यांची परिभाषा येथे विशेष लक्षणीय आहे. ते घड्याळास नकली म्हणत नाहीत. 'फर्स्ट कॉपी', 'मास्टर कॉपी' म्हणतात. म्हणजे प्रतींतही पहिली, मूळ बरहुकूम. पेशवे दप्तरातील कारकुनास हा दावा सहज कळला असता. ग्राहकाची येथे फसवणूक होत नाही, कारण माल खरा नाही हे त्याला ठाऊक असते. फसवावयाचे असते ते तिसऱ्यास, म्हणजे लग्नाच्या मांडवात मनगटाकडे पाहणाऱ्यास. आणि घड्याळ आठवड्यात बंद पडले, तर दाद मागण्याची सोयही ग्राहकास फारशी उरत नाही.

सेकंदकाटा मात्र लबाडी लपवू देत नाही. आजच्या बहुतेक खऱ्या रोलेक्सचा काटा सेकंदास आठ सूक्ष्म पावले टाकीत सरकल्यासारखा जातो. स्वस्त नकलेतील बॅटरीवरचा काटा सेकंदागणिक एकेक उडी मारतो. 'आत जपानी मशीन आहे' असे विक्रेते आवर्जून सांगतात, आणि पुष्कळदा तेवढे खरेही असते. खाडीतून आलेल्या त्या चावीच्या घड्याळांना पावती कधीच नव्हती. पार्सलात ती असते, आणि कित्येकदा सोबत हमीपत्रही; शिक्क्यासकट छापलेले.