धोकादायक माल वाहतूक : चालकाचे प्रमाणपत्र

पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, क्लोरीन, अमोनिया, आम्ले, स्पिरिट, स्फोटके असा जिवाला अपाय करणारा माल रस्त्याने नेणाऱ्या चालकाने घ्यायचे प्रशिक्षण आणि त्यावरून त्याच्या लायसन्सवर होणारी नोंद. आधार : मोटार वाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९. चालक-मालकांच्या बोलण्यात या नोंदीचे नाव ‘हॅझार्डस’.

हा विषय ठाणे-रायगडच्या रासायनिक पट्ट्याचा, असा मराठवाड्यात समज असतो. तो खरा नाही. नांदेड जिल्ह्यातील भोकर हे तालुक्याचे गाव कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग ६१ वर (पूर्वीचा २२२) आहे; नांदेडहून निघालेली गाडी भोकरवरून भैंशामार्गे तेलंगणात उतरते. पंपावर येणारा टँकर, सिलिंडरची गाडी, पाणीपुरवठ्याचा क्लोरीन, साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून निघणारे इथेनॉल हे सगळे याच नियमात बसते. भोकरच्या चालकाला ही नोंद नांदेडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून (एमएच-२६) मिळते आणि ती देशभर चालते. राज्याची हद्द ओलांडली म्हणून वेगळे प्रमाणपत्र लागत नाही.

नियम ९ ला आजचे रूप १९९३ च्या दुरुस्तीने आले. परिवहन वाहनाचे लायसन्स हवेच. शिवाय चालकाला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील निदान एक भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, आणि राज्य शासनाने मान्यता दिलेल्या संस्थेतला तीन दिवसांचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केलेला असला पाहिजे. परिवहन वाहनाच्या चालकासाठी आठवी पासची सर्वसाधारण अट नियम ८ मध्ये होती. ती २०१९ मध्ये काढून टाकली गेली. धोकादायक मालाच्या चालकाला मात्र अक्षरओळखीची अट कायम राहिली, आणि ते योग्यच झाले. मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी या चारही भाषा कानावर पडणाऱ्या या सीमाभागात पहिली अट सहज भागते. अडते ते इंग्रजीपाशी, कारण मालाची कागदपत्रे बहुधा त्याच भाषेत असतात.

तीन दिवसांपैकी पहिले दोन गाडी चालवण्याचे : अपघातांची कारणे, ब्रेक लागल्यावर गाडी थांबेपर्यंतचे अंतर, रात्रीचे ड्रायव्हिंग, रेल्वे फाटक, उतार, निघण्यापूर्वीची तपासणी, थांबल्यावर चाकांना अडण लावणे. तिसरा दिवस मालाचा. संयुक्त राष्ट्रांचे वर्गीकरण, ज्वलनशीलता व विषारीपणा, ट्रेम कार्ड (आणीबाणीत काय करायचे ते सांगणारे मालाचे कार्ड), गळती आवरणे, व्हॉल्व्हची माहिती, आग विझवणे, प्रथमोपचार, विहिरी-नद्यांचे रक्षण हे सगळे त्या एका दिवसात उरकायचे. ही वाटणी उलटी असायला हवी होती. वर्षानुवर्षे ट्रक हाकलेल्या माणसाला गिअरपेक्षा टाकीतल्या मालाचे शिक्षण जास्त लागते.

त्याचा दाखला नियमापेक्षा जुना आहे. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कवठ्याजवळ, तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग ४ वर, पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला आणि पेट्रोल गळू लागले. लोक जमले. सकाळी सव्वासातच्या सुमारास, म्हणजे टकरीनंतर चार तासांहून अधिक काळाने, स्फोट झाला. जमलेल्यांपैकी अनेक जण भाजले, काही दगावले. कलंडून पडलेल्या टँकरच्या स्फोटाला वाहनाच्या वापरातून झालेला अपघात म्हणायचे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ मध्ये न्यायालयाने होय असे उत्तर दिले आणि वारसांचा भरपाईचा हक्क मान्य केला. त्या चार तासांत गर्दी लांब ठेवणे आणि बिडी-काडी पेटू न देणे, हेच आज तिसऱ्या दिवशी शिकवायचे असते. अपघात झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला लगेच कळवण्याची जबाबदारी नियम १३६ चालकावर टाकतो.

टँकरच्या दोन्ही बाजूंना व मागे लावायचा माहितीफलक नियम १३४ मध्ये ठरवून दिला आहे. त्यावर मालाचे तांत्रिक नाव, संयुक्त राष्ट्रांचा चार अंकी क्रमांक, वर्गचिन्ह आणि मदतीसाठीचे दूरध्वनी क्रमांक असतात. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १०१७ क्लोरीन, ११७० इथेनॉल. पेट्रोलच्या फलकावर दिसणारा ‘३वायई’ हा संकेत अग्निशामक जवानासाठी आहे : फेस वापरा, माल गटारात-ओढ्यात जाऊ देऊ नका, वस्ती हलवण्याचा विचार करा. भैंशाच्या तेलुगू भाषक पोलिसालाही हे आकडे तसेच वाचता येतात.

एकट्या चालकाला धरून भागत नाही. माल पाठवणाऱ्याने धोक्याची पुरेशी माहिती वाहतूकदाराला द्यायची, वाहतूकदाराने ती चालकाला समजली याची खात्री करायची आणि चालकाने ती लेखी स्वरूपात केबिनमध्ये ठेवायची, अशी साखळी नियम १३१ ते १३३ मध्ये आहे. पेट्रोलियम टँकरचा परवाना हा वेगळा विषय. तो देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे.

पूर्वी असा माल वाहण्याच्या लायसन्सची मुदत एकच वर्ष होती आणि नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी लागे. २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन वर्षे झाली. इतर परिवहन लायसन्सची तीनवरून पाच. युरोपात १९५७ च्या जिनिव्हा करारानुसार (एडीआर) चालकाचे प्रमाणपत्र पाच वर्षे चालते, पण त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. ठरावीक प्रमाणाखालच्या मालाला तिथे सूटही आहे. आपल्या नियम ९ मध्ये अशी किमान मर्यादा नाही, त्यामुळे सिलिंडर वाटणारी छोटी गाडीही त्यातून सुटत नाही. साडेसात हजार किलोपर्यंतचे परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येईल, असा निकाल घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला, तेव्हाही धोकादायक मालाच्या वाहनांसाठीच्या जादा अटी कायम ठेवल्या.

धोकादायक मालाच्या वाहतुकीचे नियम मोडल्यास कलम १९०(३) नुसार पहिल्या गुन्ह्याला दहा हजार, पुढच्याला वीस हजार रुपये दंड आहे. कैदही होऊ शकते. मालकाला दंडापेक्षा विमा महाग पडतो. नोंद नसलेल्या चालकाच्या हातून अपघात झाला, तर कंपनीने जखमींना वा वारसांना आधी भरपाई द्यावी आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत.