चूक कोणाची? वैमानिकांच्या कळांपासून माऊसपर्यंत

सुमारे वीस वर्षांपूर्वी, मी पीएच.डी. करीत असताना, शिक्षकांच्या एका संगणक-कार्यशाळेत मदतनीस म्हणून गेलो होतो. निवृत्तीला आलेले एक गुरुजी माऊस हातात धरून बसले होते. पडद्यावरचा बाण त्यांना हव्या त्या चित्रावर काही केल्या थांबेना. माऊस टेबलाच्या कडेपर्यंत पोचला की ते तो तसाच हवेत पुढे नेत. शेवटी हसून म्हणाले, "आमचं वय झालं हो, आमच्याकडून नाही होणार हे." गणित शिकवण्यात उभी हयात घालवलेला माणूस एका चिमुकल्या खोक्यापुढे स्वतःला नापास ठरवत होता.

ही 'माझीच चूक' एके काळी विमानांच्या बाबतीत फार महाग पडली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची विमाने सुखरूप उतरत. पण धावपट्टीवर आल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच पोटात ओढून घेत आणि विमान जमिनीवर बसे. अहवालात कारण लिहिले जाई : वैमानिकाची चूक. १९४३ मध्ये अल्फोन्स शॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे हा प्रश्न आला. त्याने विमानात जाऊन पाहिले, तर चाकांची कळ आणि फ्लॅपची कळ शेजारी शेजारी, आणि दिसायला अगदी जुळी! सी-४७ विमानात या कळा एकमेकींपासून दूर होत्या व चालवण्याची तऱ्हाही निराळी होती. तिथे असा घोटाळा होत नव्हता. शॅपानिसने चाकांच्या कळीवर रबराचे छोटे चाक आणि फ्लॅपच्या कळीवर पाचरीसारखा तुकडा बसवला. आता न पाहताही बोटांना फरक कळू लागला. वैमानिक तेच राहिले, घोटाळा मात्र थांबला.

पॉल फिट्स हाही ओहायोतील राइट फील्डच्या त्याच प्रयोगशाळेतला. त्याने आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७ मध्ये अशा 'वैमानिकाच्या' ४६० चुका तपासून त्यांची वर्गवारी केली. पुढे फिट्सच्या मनात एक मूलभूत प्रश्न आला : हात एखाद्या लक्ष्यापर्यंत नेमका पोचायला किती वेळ लागतो? १९५४ साली प्रसिद्ध झालेला त्याचा प्रयोग इतका साधा आहे की तो आपल्या वर्गात मधल्या सुट्टीतही होईल.

कोऱ्या कागदावर १ सें.मी. रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या काढा. त्यांच्या मध्यरेषांतील अंतर ८ सें.मी. ठेवा. विद्यार्थ्याने पेन्सिलीने आळीपाळीने दोन्ही पट्ट्यांत, बाहेर न जाता, १५ सेकंद भराभर ठिपके द्यायचे. ठिपके मोजा. आता दुसऱ्या कागदावर अंतर १६ सें.मी. करा, पण पट्ट्याही २ सें.मी. रुंद करा. हाताला दुप्पट अंतर तोडावे लागते, तेव्हा ठिपके निम्मे होतील असे मुले सांगतील. प्रत्यक्षात फारसा फरक पडत नाही! मग १६ सें.मी. अंतरावर १ सें.मी.च्या पट्ट्या काढा. आता मात्र ठिपके कमी होतात.

फिट्सचे सूत्र असे : अंतराच्या दुपटीला रुंदीने भागा, आणि आलेली संख्या कितीदा निम्मी केली म्हणजे १ उरतो ते मोजा. पहिल्या दोन्ही कागदांवर भागाकार १६ येतो, म्हणजे चारदा. तिसऱ्यावर ३२, म्हणजे पाचदा. या 'कितीदा'ला त्याने अवघडपणाचा निर्देशांक म्हटले. त्याचे एकक बिट. प्रत्येक बिटामागे हात साधारण एक दशांश सेकंद जादा घेतो.

इकडे कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, डग्लस एंगलबर्ट पडद्यावरील मजकुरात खूण करण्याचे साधन शोधत होता. त्याच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने १९६४ मध्ये लाकडाचा एक ठोकळा बनवला. खाली एकमेकींशी काटकोनात दोन चाके. हाच पहिला माऊस. 'आम्हाला आवडला' एवढ्यावर ते थांबले नाहीत, हे मला मोठे वाटते. नासाच्या पैशातून त्यांनी माऊस, प्रकाशलेखणी, जॉयस्टिक आणि चक्क टेबलाखाली गुडघ्याने हलवायची कांडी यांची वेळ लावून स्पर्धा घेतली. १९६७ मध्ये निष्कर्ष छापले. सरावलेल्यांच्या हाती माऊस सरस ठरला. नवख्यांच्या बाबतीत मात्र प्रकाशलेखणी आणि गुडघ्याची कांडी त्याच्या पुढे होत्या! मला आमचे गुरुजी इथे आठवतात.

तरीही माऊस वेगवान का, हे कळले नव्हते. ते उत्तर १९७८ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात स्टुअर्ट कार्ड, इंग्लिश आणि बेटी बर यांनी दिले. माऊस, जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या कळा यांची तुलना करताना त्यांनी फिट्सचे सूत्र लावले. माऊसला बिटामागे लागलेला वेळ जवळजवळ तेवढाच भरला, जेवढा फिट्सच्या प्रयोगात नुसत्या हाताला लागला होता! म्हणजे वेळ खात होता तो माऊस नव्हे; मेंदू, डोळा आणि हात यांचा स्वतःचा वेगच तेवढा. यंत्र कितीही सुधारले तरी याहून फार पुढे जाणे कठीण. १९८१ मध्ये झेरॉक्सचा 'स्टार' संगणक माऊस घेऊनच बाजारात आला. फिट्स १९६५ मध्येच, बावन्नाव्या वर्षी वारला होता.

मॅकिंतॉश संगणकावर आज्ञांची पट्टी पडद्याच्या अगदी वरच्या कडेला असते. तिथे बाण कडेला अडतो, हात कितीही जोरात गेला तरी लक्ष्य ओलांडत नाही. म्हणजे लक्ष्य जणू अमर्याद जाड झाले. बोटाने चालणाऱ्या फोनच्या पडद्यावर ही सोय राहिली नाही, म्हणून तिथे बटणेच बोटाएवढी करावी लागतात.

कार्यशाळेत त्या दिवशी मी दोनच गोष्टी केल्या. पडद्यावरची चित्रे मोठी केली आणि माऊस उचलून मागे आणून पुन्हा टेकवला तरी बाण जागचा हलत नाही, हे गुरुजींना दाखवले. अर्ध्या तासात ते शेजारच्या बाईंना शिकवू लागले. दुहेरी टिचकी मात्र त्यांना शेवटपर्यंत साधली नाही. तिथे आम्ही एंटरच्या कळीवर भागवले.