हजेरी

संध्याकाळी ५.५९

वेळ इतकी अचूक देता येते, कारण ती तेव्हाच कुणीतरी टिपून ठेवली होती. २६ सप्टेंबर २०१४, शुक्रवार. मेक्सिकोच्या गेरेरो राज्यातल्या आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयातून १५६८ आणि १५३१ क्रमांकाच्या दोन बसगाड्या निघाल्या आणि राज्याची राजधानी चिल्पान्सिंगोतल्या नियंत्रण कक्षात त्याची नोंद झाली. या कक्षाला तिकडे 'सी-४' म्हणतात. तिथे येणारी खबर राज्याच्या पोलिसांना मिळते, केंद्राच्या पोलिसांना मिळते आणि लष्करालाही मिळते. पुढचं सगळं वाचताना ही नोंद डोक्यात ठेवायची. पोरं बेपत्ता झाली, पण बेपत्ता होईपर्यंत ती सरकारच्या डोळ्यांसमोर होती.

गाड्यांत शंभरच्या आसपास पोरं, बहुतेक पहिल्या वर्षाची. पहिल्या वर्षाला डोकं भादरायचं असा तिथला रिवाज, म्हणून त्यांना 'पेलोनेस' म्हणतात, म्हणजे टकले. आपल्याकडचं जुनं डी.एड. कॉलेज डोळ्यांसमोर आणा: १९२६ साली सुरू झालेलं, गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी, राहणं-जेवणं फुकट, आणि बाहेर पडल्यावर डोंगरातल्या एखाद्या शाळेवर मास्तरकी. फक्त इथल्या भिंतींवर मार्क्स आणि चे गेव्हारा रंगवलेले आहेत, आणि इथलाच एक विद्यार्थी, लुसियो काबान्यास, मास्तर झाल्यावर बंदूक घेऊन डोंगरात गेला होता. सरकारच्या मनातून हे कॉलेज केव्हाच उतरलेलं.

पोरं निघाली होती आणखी गाड्या मिळवायला. २ ऑक्टोबर १९६८ रोजी राजधानी मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को चौकात सैन्यानं विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी दरवर्षी तिथे मोर्चा निघतो. मोर्चाला जायला गाड्या लागतात, आणि भाड्याचे पैसे पोरांकडे नसतात. मग बस अडवायची, ड्रायव्हरला विनवायचं, दमात घ्यायचं, त्याच्या जेवणाखाणाची सोय करायची, आणि काम झालं की गाडी परत. कायद्याच्या भाषेत हा गुन्हा होता, यात शंका नको. पण वर्षानुवर्षं चालत आलेला, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला गुन्हा. पोलिसांनी या कॉलेजातल्या पोरांचा जीव कधी घेतलाच नव्हता, असं मात्र म्हणता येत नाही. इथलेच दोन विद्यार्थी डिसेंबर २०११ मध्ये चिल्पान्सिंगोच्या हायवेवर आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी मेले होते.

रात्री ८

गाड्या इग्वालाच्या वेशीपाशी पोचल्या. एक टोलनाक्यावर, दुसरी उइत्सुकोच्या फाट्यावर. गावात कुणी शिरलं नव्हतं.

इग्वाला मेक्सिकोच्या शाळकरी पोरांना पाठ असतं. २४ फेब्रुवारी १८२१ रोजी स्वातंत्र्याची योजना इथे जाहीर झाली आणि देशाचा झेंडाही इथलाच. गाव सोन्याच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध. तेव्हाचे महापौर होसे लुईस आबार्का यांचा धंदाही सराफीचाच. त्यांच्या पत्नीच्या भावांची नावं ड्रगच्या व्यापारात आधीपासून घेतली जात. आजूबाजूच्या डोंगरांत खसखशीची शेतं, तिथली अफू, अफूचं हेरॉइन, आणि ते उत्तरेला शिकागोपर्यंत पोचवणारी 'गेरेरोस उनिदोस' नावाची टोळी. पालिकेच्या पोलिसांना पगार सरकारचा, हुकूम टोळीचा.

त्या संध्याकाळी चौकात महापौरांच्या पत्नीचा सोहळा होता. पोरं तो उधळायला आली म्हणून मार पडला, असं नंतर कितीतरी दिवस सांगितलं गेलं. पोरं गावात शिरण्याआधीच सोहळा उरकला होता.

८.३० च्या आसपास

फाट्यावर पोरांनी एक बस थांबवली. ड्रायव्हर म्हणाला, गाडीत प्रवासी आहेत, त्यांना स्टँडवर उतरवतो आणि मग तुमच्याबरोबर येतो. पोरांना ते पटलं. काही जण त्याच्यासोबत गेले. स्टँडवर प्रवासी उतरले, ड्रायव्हरनं दार लावून घेतलं आणि तो निघून गेला. पोरं आत कोंडली गेली. त्यांनी सोबत्यांना फोन लावले.

त्या रात्रीचा आराखडा मी जितक्यांदा लावून पाहतो, तितक्यांदा इथेच अडतो. एका ड्रायव्हरनं दाराची कडी लावली नसती तर दोन्ही गाड्या गावात आल्या नसत्या.

९.१५

दोन्ही गाड्या स्टँडवर आल्या. काचा फोडून पोरं बाहेर काढली. आता इथून लवकर निघायचं, म्हणून जाताना आणखी तीन गाड्या घेतल्या. एकूण पाच. तीन उत्तरेला, गावाच्या मधून. दोन दक्षिणेला.

९.४०

हुआन आल्वारेस हा गावातून सरळ जाणारा लांबच लांब रस्ता. तीन बस एकामागे एक, मागे पोलिसांच्या गाड्या, आधी हवेत गोळीबार. बाहेरच्या वळणरस्त्याच्या तोंडाशी पोलिसांची एक पिकअप आडवी लावलेली. पोरं उतरली आणि हातांनी ती ढकलू लागली. तेव्हा पोलिसांनी नेम धरून गोळ्या घातल्या. पहिल्या वर्षाच्या एका मुलाच्या डोक्यात गोळी गेली. दहा वर्षांनंतरही तो शुद्धीवर आला नव्हता.

त्या रात्री पोलिसांच्या हातात जर्मन बनावटीच्या जी-३६ रायफलीही होत्या. त्या गेरेरो राज्यात विकायला जर्मन सरकारची परवानगीच नव्हती. त्या विकणाऱ्या कंपनीला २०१९ साली श्टुटगार्टच्या न्यायालयानं ३७ लाख युरो भरायला लावले. कुठला डोंगर, कुठलं कोर्ट!

तिसरी बस, १५६८, सगळ्यांत मागे होती. तिच्यातल्या मुलांना पोलिसांनी खाली उतरवलं, रस्त्यावर पालथं पाडलं, आणि पिकअपमध्ये भरून नेलं. पुढच्या दोन गाड्यांमधली पोरं गाड्यांच्या आडोशाला बसून हे पाहत होती.

१०

त्याच सुमाराला दक्षिणेला, न्यायालयाच्या इमारतीपाशी, पुलाखाली १५३१ अडवली गेली. काचा फोडल्या, आत अश्रुधूर सोडला, पोरांना बाहेर ओढलं आणि नेलं. साध्या वेषातला एक लष्करी माणूस जवळ उभा राहून हे पाहत होता, फोटो काढत होता, वरिष्ठांना कळवत होता. सत्ताविसाव्या पायदळ बटालियनची छावणी गावातच आहे. न्यायालयाच्या इमारतीवरही कॅमेरे होते. त्यांचं चित्रण पुढे नष्ट झालं.

पाचवी बस तिथूनच जवळ अडवली गेली. तिच्यातली पोरं झाडाझुडपांत पळाली आणि वाचली. सरकारी तपासात ही बस बराच काळ धड दिसतच नव्हती. २०१५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगानं नेमलेल्या पाच तज्ज्ञांनी विचारलं, ही बस गेली कुठे? गेरेरोस उनिदोसचं हेरॉइन प्रवासी बसगाड्यांच्या चोरकप्प्यांतून शिकागोला जातं, हे तिकडच्या एका खटल्यात उघड झालेलंच होतं. पोरांनी नकळत माल भरलेली गाडी उचलली असेल का? एवढा मोठा हल्ला का झाला याचं मला पटणारं उत्तर हेच आहे, पण ते अजून तर्काच्या पुढे गेलेलं नाही.

११.३०

चिल्पान्सिंगोच्या 'आविस्पोनेस', म्हणजे गांधीलमाश्या, या फुटबॉल संघानं इग्वालाच्या संघाला हरवलं होतं. पोरगेले खेळाडू जिंकल्याच्या खुशीत बसनं घरी निघालेले. सांता तेरेसाच्या फाट्यावर त्यांच्या बसवर गोळ्यांचा पाऊस पडला. हल्लेखोरांना ती विद्यार्थ्यांची बस वाटली. पंधरा वर्षांचा एक खेळाडू गेला, बसचा ड्रायव्हर गेला, आणि तिथूनच टॅक्सीनं चाललेली एक बाई गेली.

मध्यरात्रीनंतर, १२.३०

हुआन आल्वारेस रस्त्यावरचे पोलीस निघून गेले होते. आयोत्सिनापाहून आणखी विद्यार्थी मदतीला पोचले, गावातले काही शिक्षक आले, दोन-चार पत्रकार आले. पोरांनी एक काम अगदी मास्तरांच्या शिस्तीनं केलं: रस्त्यावर पडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांजवळ दगड ठेवले. तपासाला कुणी आलं तर पुरावा जागेवर असावा म्हणून. मग ते पत्रकारांना झाला प्रकार सांगू लागले.

तेव्हा गाड्यांतून माणसं उतरली आणि त्यांनी गोळीबार केला. दोन विद्यार्थी जागीच मेले. पाऊस सुरू झाला. दोन्ही देह कित्येक तास त्या पावसात रस्त्यावर पडून होते.

१ च्या सुमारास

पंचवीसेक जण एका जखमी सोबत्याला उचलून जवळच्या खासगी दवाखान्यात घुसले. गोळीनं त्याचा वरचा ओठ आणि जबडा उडाला होता. डॉक्टर नव्हता. थोड्या वेळानं सैनिक आले. त्यांनी मुलांना एका ठिकाणी बसवलं, फोटो काढले, नावं विचारली. अधिकारी काय म्हणाला, ते वाचलेल्या पोरांनी नंतर सांगितलं: खरी नावं द्या, खोटी दिलीत तर तुम्ही कधी सापडणार नाही.

त्या रात्रीची ही पहिली हजेरी. सैनिक निघून गेले. जखमी मुलाला शेवटी टॅक्सीतून न्यावं लागलं.

१.१६

पोलिसांनी नेलेल्यांपैकी एका मुलाच्या फोनवरून त्याच्या आईला मेसेज आला. आई, रिचार्ज मारशील का, अर्जंट आहे. एवढंच.

देशाचे तेव्हाचे महान्यायवादी हेसुस मुरीयो काराम यांनी जानेवारी २०१५ मध्ये जो वृत्तांत 'ऐतिहासिक सत्य' म्हणून जाहीर केला, त्यात मुलांना टोळीच्या हवाली केलं, कोकुलाच्या कचरा डेपोत रातोरात जाळलं आणि राख नदीत टाकली, असं होतं. फोनही सोबत जळाले म्हणे. पण काही मुलांचे फोन त्यानंतरही चालू असल्याचं कंपन्यांच्या नोंदींतून निघालं. बेपत्ता झालेल्या त्रेचाळीस जणांचे देह उघड्यावर जाळून राख करायला किती लाकूड लागेल, किती तास लागतील, याचं गणित आगीच्या तज्ज्ञानं मांडलं आणि अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक पथकानं डेपोची माती चाळली. दोघांचा निष्कर्ष एकच: तिथे तसं झालेलं नाही. चिता माहीत असलेल्या आपल्या माणसांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

सकाळ, २७ सप्टेंबर

एका विद्यार्थ्याचा देह रस्त्याकडेला सापडला. त्याच्या चेहऱ्याची जी दशा केली होती, ती मी इथे लिहीत नाही. घरी काही आठवड्यांची मुलगी होती.

सहा मेले, चाळीसच्या आसपास जखमी. बाकीचे कुठे आहेत, हे कळायला यादी करावी लागली. आधी सत्तावन्न नावं लागली. मग एक एक जण येऊ लागला: कुणी डोंगरातून, कुणी कुणाच्या घरातून जिथे रात्रभर दार लावून बसला होता. नावं खोडली जात होती. प्रत्येक नाव खोडताना उरलेल्यांच्या आयांना वाटत असणार, पुढचं आपलं. यादी त्रेचाळीसवर आली आणि थांबली.

आणि मग

गावाभोवतीच्या डोंगरात शोध सुरू झाला आणि जमिनीतून माणसं निघू लागली. ती या मुलांपैकी नव्हती. मग ज्यांची माणसं आधीच नाहीशी झाली होती आणि भीतीनं ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, अशा घरांतले लोक बाहेर आले. स्वतःला ते 'इग्वालाचे इतर बेपत्ता' म्हणवू लागले. त्यांचं हत्यार म्हणजे लोखंडी सळई. माती भुसभुशीत दिसली की ती हातोड्यानं खोल ठोकायची, उपसायची आणि टोक नाकाशी न्यायचं. वास आला की खणायचं.

डिसेंबर २००६ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरवलं. मे २०२२ मध्ये देशाच्या सरकारी नोंदवहीत बेपत्तांचा आकडा एक लाखावर गेला. त्यांतले बहुतेक कुठल्याही मोर्चात नव्हते.

मुरीयो काराम यांना ऑगस्ट २०२२ मध्ये अटक झाली. त्याच महिन्यात सरकारच्याच सत्यशोधन आयोगानं या घटनेला शासनाचा गुन्हा म्हटलं. आंतर-अमेरिकी आयोगाच्या तज्ज्ञांचं पथक २०२३ मध्ये देश सोडून गेलं. लष्कर कागद देत नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत राहिलं. इतक्या वर्षांत तिघांच्या अस्थींचे तुकडे ओळखता आले.

कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मैदानावर वर्गातल्या त्रेचाळीस खुर्च्या मांडल्या गेल्या, प्रत्येकीवर एकाचा फोटो. मोर्चात लोक मोठ्यानं मोजतात, एक, दोन, तीन, आणि त्रेचाळीसपर्यंत जातात.

अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्या रात्रीचे टकले २०१८ साली पदवी घेऊन बाहेर पडले. वाचलेल्यांपैकी काही जण आज शाळेवर आहेत, आणि सकाळी वर्गात शिरल्यावर पटावरची नावं वाचतात.