तुकदम

तुकदम : तिबेटी बौद्ध परंपरेत मानलेली मरणोत्तर ध्यानावस्था. श्वास व हृदयक्रिया थांबून वैद्यकीय दृष्ट्या मृत्यू झाला, तरी सिद्ध साधकाचे चित्त काही काळ अतिसूक्ष्म ध्यानात स्थिर राहते आणि तोवर देह कुजत नाही, अशी ही धारणा आहे. जाणीव मेंदूवर कितपत अवलंबून असते, या प्रश्नावर बौद्ध विचार आणि आधुनिक मेंदूविज्ञान यांच्यात चाललेल्या संवादात तुकदमला विशेष स्थान मिळाले. येथे चर्चेचा विषय प्रत्यक्ष पाहता येणारा आणि मोजता येणारा देह आहे, हे त्याचे कारण.

लक्षणे : साधक बहुधा ध्यानासनात किंवा उजव्या कुशीवर, म्हणजे सिंहशय्येत, प्राण सोडतो. त्यानंतर मान न कलता ताठ राहणे, त्वचा लवचीक व सतेज दिसणे, दुर्गंधी नसणे आणि हृदयाच्या जागी ऊब जाणवणे ही लक्षणे सांगितली जातात. ही अवस्था काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत टिकल्याची वर्णने आहेत. या काळात देहाला स्पर्श करत नाहीत आणि खोलीत शांतता पाळतात. मान कलणे, नाकपुड्यांतून पांढरा किंवा तांबूस द्राव येणे, वास सुटणे ही ध्यान संपल्याची चिन्हे मानतात. त्यानंतरच अंत्यविधी होतो.

तात्त्विक आधार : वज्रयान या तिबेटमधील तांत्रिक बौद्ध परंपरेनुसार मरताना पृथ्वी, जल, तेज व वायू ही महाभूते क्रमाने लय पावतात. साधकाला मृगजळ, धूर, काजवे आणि दिव्याची ज्योत यांसारखे आभास होतात. मग आलोक, आलोकाभास व आलोकोपलब्धी या तीन टप्प्यांतून चित्त शेवटी ‘प्रभास्वर’ या मूळ स्वरूपाला पोहोचते. गुह्यसमाजतंत्राच्या परंपरेत आणि नागार्जुनाच्या नावावर असलेल्या ‘पंचक्रम’ या ग्रंथात या टप्प्यांची मांडणी आहे. प्रभास्वर चित्ताचा क्षण प्रत्येकाच्या वाट्याला येतो, पण सामान्य माणूस तो ओळखू शकत नाही. ज्याने जन्मभर साधना केली, तो त्यात स्थिर राहतो. हे स्थिर राहणे म्हणजे तुकदम.

यामागे जुना भारतीय वाद आहे. देहापासूनच चैतन्य उपजते, हे लोकायत या भौतिकवादी पंथाचे मत सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त खोडून काढले. चित्ताचा प्रत्येक क्षण आधीच्या चित्तक्षणापासून उद्भवतो, देह हे त्याचे उपादान कारण नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता. तिबेटी मठांत त्यावर आजही वादसभा होतात. त्यामुळे जाणीव मेंदूवर अवलंबून असते का, हा आधुनिक प्रयोगशाळेतील प्रश्न भिक्षूंना परका वाटला नाही.

नोंदलेली उदाहरणे : तिबेटी धर्मगुरू सोळावे कर्मापा यांचे ५ नोव्हेंबर १९८१ रोजी अमेरिकेतील झायन येथील रुग्णालयात निधन झाले. त्यानंतरही त्यांच्या छातीशी ऊब जाणवत असल्याचे उपस्थितांनी सांगितले. दलाई लामांचे ज्येष्ठ गुरू लिंग रिंपोछे यांचे डिसेंबर १९८३ मध्ये धरमशाला येथे निधन झाले. ते तेरा दिवस या अवस्थेत होते, असे परंपरा मानते. विस्कॉन्सिन विद्यापीठात बौद्ध विद्येचे अध्यापन केलेले गेशे ल्हुंडुब सोपा २०१४ साली निवर्तले. त्यांचा देह मेंदूवैज्ञानिक रिचर्ड डेव्हिडसन यांनी स्वतः पाहिला.

शास्त्रीय अभ्यास : चिलीचे जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को वारेला आणि ॲडम एंगल यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९८७ मध्ये धरमशाला येथे दलाई लामा आणि वैज्ञानिक यांची पहिली ‘माइंड अँड लाइफ’ बैठक झाली. १९९२ च्या बैठकीत निद्रा, स्वप्न आणि मृत्यू हेच विषय होते. पुढे दलाई लामांच्या प्रोत्साहनाने विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिडसन यांच्या केंद्राने तिबेटी डॉक्टर व पारंपरिक वैद्य यांच्या साहाय्याने भारतात तुकदमचा अभ्यास हाती घेतला.

या अभ्यासाचा पहिला मोठा निष्कर्ष जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तुकदम मानलेल्या १३ व्यक्तींच्या डोक्याला मोजके विद्युदग्र लावून ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत्-आलेख, घेण्यात आला. त्याचबरोबर ध्वनी ऐकवून मस्तिष्कस्तंभाचा प्रतिसाद तपासला. एकसारख्या स्वरांच्या मालिकेत मधूनच वेगळा स्वर आला, तर लक्ष नसतानाही मेंदू त्याची नोंद घेतो. हा प्रतिसादही शोधला. त्याच उपकरणांनी जिवंत, निरोगी व्यक्तींमध्ये दोन्ही प्रतिसाद स्पष्ट मिळाले. तुकदममधील एकाही व्यक्तीत ओळखता येईल अशी मेंदूक्रिया आढळली नाही. मात्र ही सर्व मोजमापे मृत्यूला एक दिवसाहून अधिक काळ लोटल्यावर झाली होती. त्यामुळे पहिल्या काही तासांबद्दल त्यांवरून काही सांगता येत नाही. स्व्यातोस्लाव मेदवेदेव यांच्या नेतृत्वाखालील रशियन शास्त्रज्ञांनीही भारतातील तिबेटी मठांच्या सहकार्याने याच विषयावर काम केले.

मृत्यू ही क्षणात घडणारी घटना नसून क्रमाने घडणारी प्रक्रिया आहे, असे इतर संशोधनही सुचवते. मिशिगन विद्यापीठातील प्रयोगात हृदय थांबल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात उंदरांच्या मेंदूत सुसंघटित विद्युत्-क्रियेची लाट आढळली (२०१३). येल विद्यापीठात मृत्यूनंतर चार तासांनी डुकरांच्या मेंदूंत कृत्रिम रक्ताभिसरण सुरू करून पेशींची काही कार्ये पूर्ववत करता आली, पण जाणिवेशी निगडित अशी समग्र विद्युत्-क्रिया परतली नाही (२०१९).

विघटनाचा प्रश्न : सामान्यतः मृत्यूनंतर काही तासांत स्नायू ताठरतात आणि एक-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतात. पेशींतील विकरे पेशींनाच विरघळवू लागतात, आतड्यांतील जिवाणू पसरतात, पोट फुगते, दुर्गंधी सुटते. थंडी व कोरडी हवा, कृश शरीर आणि मृत्यूपूर्वी घटलेला आहार यांमुळे हा वेग मंदावू शकतो. परंतु तुकदमची काही उदाहरणे कर्नाटकातील मुंडगोड आणि बैलकुप्पे येथील मठांतील आहेत, आणि तेथील हवा हिमालयासारखी थंड नाही. म्हणून हवामानाचे कारण सर्वत्र पुरेसे ठरत नाही. उलट, लवकर कुजलेल्या देहांची नोंद तुकदम म्हणून होतच नाही, त्यामुळे ऐकिवात येणारी उदाहरणे आधीच निवडलेली असतात. त्याच हवेत, तसेच न हलवता ठेवलेले इतर मृतदेह तुलनेला मिळत नाहीत, ही या अभ्यासातील सर्वांत मोठी उणीव होय.

समान वाटणाऱ्या गोष्टींपासून भेद : बुर्यात लामा इतिगेलोव यांचा १९२७ पासूनचा जतन झालेला देह किंवा जपानमधील स्वतःचे ममीकरण साधणारे भिक्षू यांहून तुकदम वेगळे आहे, कारण येथे देह कायम टिकण्याची अपेक्षा नसते. मराठी वाचकाला परिचित असलेल्या संजीवन समाधीशीही त्याची गल्लत करू नये. ज्ञानेश्वरांनी आळंदीला जिवंतपणी समाधी घेतली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. तुकदमची सुरुवात मात्र नैसर्गिक मृत्यूनंतर होते.

मूल्यमापन : तुकदममध्ये दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि ते एकत्र केले की दोन्हींची हानी होते. देहाचे विघटन खरोखर लांबते का, हा शरीरविज्ञानाचा प्रश्न आहे. तापमान, आर्द्रता, ऊतींमधील बदल आणि जिवाणूंची वाढ यांची पहिल्या तासापासून सलग नोंद ठेवली, तर त्याचे उत्तर मिळू शकते. जाणीव उरते का, हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या उत्तराने आपोआप सुटत नाही. न कुजलेला देह म्हणजे जाणिवेचा पुरावा नव्हे. सपाट ईईजीमुळे मेंदूत शोधता येण्याजोगी क्रिया उरल्याचा दावा दुबळा झाला, आणि हा निष्कर्ष संशोधकांनी न झाकता मांडला. परंपरेच्या मते प्रभास्वर चित्त मेंदूवर अवलंबून नसते. म्हणून या आलेखाने तिचा दावा खोटा ठरत नाही, तसाच त्याला आधारही मिळत नाही. बौद्ध दर्शनाचे एखादे विधान विज्ञानाने निश्चितपणे असिद्ध केले, तर ते सोडले पाहिजे, अशी भूमिका दलाई लामांनी २००५ साली आपल्या विज्ञानविषयक ग्रंथात घेतली. आपल्या पूज्य गुरूंच्या देहावर विद्युदग्र लावू देणाऱ्या मठांनी ती भूमिका आचरणात आणली आहे. तुकदमचा उलगडा अजून व्हायचा आहे. परंतु श्रद्धेच्या विषयाची आदराने आणि तरीही काटेकोरपणे तपासणी करता येते, हे या अभ्यासाने दाखवून दिले आहे.