गॅरेजमधले गोल्फ : यंत्राआधी जमीन

अमेरिकेतल्या उपनगरांत गॅरेज ही आता केवळ मोटार ठेवायची जागा उरलेली नाही. एका टोकाला जाड पडदा, पुढे मॅट, छताला प्रोजेक्टर आणि चेंडूजवळ फटका मोजणारे लाँच मॉनिटर हे यंत्र एवढे मांडले, की बाहेर बर्फ पडत असतानाही गोल्फ खेळता येते. कोविडच्या काळानंतर हा छंद झपाट्याने वाढला. नॅशनल गोल्फ फाउंडेशनच्या पाहणीनुसार २०२२ साली रेंज, करमणूक केंद्रे, सिम्युलेटर अशा मैदानाबाहेरच्या गोल्फची खेळाडूसंख्या प्रथमच मैदानावरच्या संख्येपेक्षा जास्त भरली. तिथे स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांना या खेळाची गोडी लागली आहे, त्यांच्यापुढेही मग तोच प्रश्न येतो. पहिली मांडणी झाली, दोन-तीन हिवाळे गेले. आता सुधारणा करायची तर पैसा कशात घालायचा?

याचे रूढ उत्तर एकच आहे : यंत्र बदला. सहाशे डॉलरच्या आसपासचे, रडारने मोजणारे यंत्र असेल तर काही हजारांचे, कॅमेऱ्याने मोजणारे घ्या. कॅमेरा असेल तर त्याहून वरचा घ्या. ऐपत असेल तर वीस हजारांच्या पुढच्या यंत्राकडे पाहा. मॅट, जमीन, भिंती, छत हे सगळे नंतर, उरलेल्या पैशात. हा क्रम मला चुकीचा वाटतो, आणि तो का चुकीचा आहे हे नीट मांडणे गरजेचे आहे. कारण त्यात पैसा तर जातोच, पण खेळ बिघडतो आणि कोपरही जायबंदी होऊ शकते.

आधी पूर्वपक्ष न्यायाने मांडू. त्याचे तीन मुद्दे आहेत. पहिला : गॅरेजमध्ये चेंडू जेमतेम दहा-बारा फूट उडतो, पुढचे दीड-दोनशे यार्ड निव्वळ गणित असते; म्हणून सुरुवातीचे मोजमाप जेवढे अचूक तेवढाच खेळ खरा. दुसरा : स्वस्त यंत्रे चेंडूची फिरकी, म्हणजे स्पिन, अनेकदा मोजत नाहीत, अंदाजाने भरतात. तिसरा : घर बदलले तर यंत्र बरोबर नेता येते, जमिनीत घातलेला पैसा तिथेच राहतो.

पहिल्या मुद्द्यामागचे तत्त्व जुने आहे आणि खरे आहे. एडिंबरा विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणावर मूलभूत काम केले. चेंडूला लांब, पीळ नसलेली फीत बांधायची, तो एक-दोन यार्डांवरच्या घट्ट चिकणमातीत मारायला लावायचा आणि मग फितीला पडलेले पीळ मोजायचे, अशी त्यांची रीत होती. उलट्या फिरकीमुळे चेंडू हवेत तरून राहतो, हे त्यांनी त्यातून दाखवले. म्हणजे दोन यार्डांत मोजून पुढचे सगळे उड्डाण हिशेबाने काढता येते, ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ड्रायव्हरने मारलेला चेंडू मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतो, तर सात नंबरच्या आयर्नने मारलेला सात हजारांच्या आसपास. हा आकडा चुकला तर पुढचे सगळे गणित चुकते. म्हणून दुसरा मुद्दाही मला मान्य आहे : जे यंत्र फिरकी मोजतच नाही, ते बदलावे.

पण एवढे मान्य केल्याने पूर्वपक्षाचा निष्कर्ष सिद्ध होत नाही. फिरकी मोजणारे यंत्र हाती आल्यानंतर त्याहून महाग यंत्र घेणे हीच पुढची पायरी, हे यातून कसे निघते? यंत्र चेंडू कसा निघाला ते मोजते. चेंडूवर क्लब कसा पोचला, हे ठरते चेंडूखालच्या जमिनीवर. तीच खोटी असेल तर महाग यंत्र खोट्या फटक्याचे अधिक काटेकोर वर्णन करील, इतकेच.

एक फटका जवळून पाहू. मैदानावर गवतात चेंडू आहे आणि खेळाडूने आयर्न दोन इंच आधीच जमिनीत घातला. क्लबचा तळ मातीत रुततो, गवत आणि ओली माती क्लबच्या तोंडाला चिकटते, वेग मरतो आणि दीडशे यार्ड जायचा चेंडू शंभर-सव्वाशेवर पडतो. गोल्फमध्ये याला फॅट शॉट म्हणतात, आणि हौशी खेळाडूचे कितीतरी फटके यातच वाया जातात. आता हाच फटका काँक्रीटवर अंथरलेल्या पातळ, कडक मॅटवर मारा. क्लबला रुतायला जागाच नाही. तो मॅटवर आपटतो, उसळतो, पुढे घसरतो आणि चेंडूवर जवळजवळ स्वच्छ लागतो. चेंडू आणि क्लब यांचा स्पर्श जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. त्या क्षणी तोंड ठीक असेल तर चेंडूही ठीक निघतो. पडद्यावर एकशे चाळीस यार्ड दिसतात आणि खेळाडू समाधानाने पुढचा चेंडू ठेवतो. यंत्राने यात काहीच खोटे सांगितलेले नाही. चेंडू खरोखरच तसा निघाला. मैदानावर तो तसा निघाला नसता, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, महाग यंत्रे क्लबचा मार्ग, खाली येण्याचा कोन, इतकेच काय झोक्याचा सर्वांत खालचा बिंदूही सांगतात. त्यावरून चूक कळेल. काही अंशी कळेल. पण ही मोजणी चेंडूच्या आसपास होते आणि तोवर क्लब मॅटवर आपटून त्याचा मार्ग बदललेला असतो. शिवाय खेळाडू पाहतो ते अंतर, आणि अंतर फसवे राहतेच. त्यापेक्षा चेंडूच्या मागे क्लबच्या डोक्याएवढे अंतर सोडून घडी घातलेला टॉवेल ठेवावा. आयर्न टॉवेलला लागला तर फटका फॅट होता. ही परीक्षा फुकट आहे आणि त्या जागी हजारो डॉलरच्या यंत्रापेक्षा स्पष्ट उत्तर देते.

दुसरी बाब शरीराची. गवतात क्लबचा वेग माती शोषून घेते. काँक्रीटवरच्या पातळ मॅटवर तोच धक्का दांड्यातून मनगटात आणि कोपरात येतो. कोपराच्या आतल्या बाजूच्या स्नायुबंधांच्या दुखण्याला गोल्फर्स एल्बो हे नाव उगाच पडलेले नाही. बाहेरच्या बाजूचे टेनिस एल्बोही गोल्फरला होते. मैदानावर अठरा भोकांत आयर्नचे फटके मोजकेच बसतात आणि मध्ये चालणे असते. गॅरेजमध्ये तासाभरात शंभर चेंडू सहज मारले जातात. त्यामुळे तळाशी लवचीक थर असलेली, क्लबला थोडे खाली जाऊ देणारी मॅट ही चैनीची वस्तू नाही. चांगली मॅट पाचशे ते हजार-दीड हजार डॉलरांत येते, आणि जिचा फटके झेलणारा पट्टा झिजल्यावर वेगळा बदलता येतो, ती घ्यावी.

तिसरी बाब बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. गॅरेजची जमीन सपाट नसते. पाणी दाराकडे वाहून जावे म्हणून तिला उतार देण्याचा अमेरिकन बांधकामाचा नियमच आहे, आणि फुटाला अष्टमांश इंच हे नेहमीचे प्रमाण. वीस फुटांत तो अडीच इंच होतो. झाडलेल्या काँक्रीटवर चेंडू ठेवून पाहा. बऱ्याच गॅरेजमध्ये तो आपण होऊन दाराकडे चालू लागतो. कोनात हा उतार सुमारे ०.६ अंश भरतो. तो लहान आहे, पण रोज एकाच दिशेचा आहे. मोजमापातल्या कधी इकडे, कधी तिकडे जाणाऱ्या चुका सरासरीत विरतात; एकाच बाजूला ओढणारी चूक विरत नाही, ती अंगवळणी पडते.

नेमाची चूक याहून भारी. पडद्याचा मध्य आणि यंत्राने धरलेली सरळ रेषा यांत दोन अंशांचा फरक असला, तर दहा फुटांवरच्या पडद्यावर तो चार इंच दिसतो. डोळ्याला तो खटकतही नाही. दोनशे यार्डांवर मात्र तो सात यार्ड होतो. अरुंद गॅरेजमध्ये मॅट मध्यावर न बसवता एका बाजूला सरकवली की हे हमखास घडते. मग खेळाडू क्लबचे तोंड किंचित वळवून पडद्यावरचा चेंडू सरळ करून घेतो आणि वसंतात मैदानावर गेल्यावर सगळे उजवीकडे किंवा डावीकडे का जाते, हे त्याला उमगत नाही. इथे यंत्र बदलून उपयोग नाही. जमिनीवर दोरी धरून रेघ मारली पाहिजे.

यंत्राची निवडही खोलीच करते. रडार चेंडूच्या मागे ठेवावे लागते. छोट्या रडारलाही मागे सहा ते आठ फूट आणि पुढे आठ फूट उड्डाण लागते. कॅमेरा चेंडूच्या शेजारी किंवा छताला बसतो. म्हणजे ज्याची खोली आखूड आहे, त्याला महाग रडारपेक्षा मध्यम किमतीचा कॅमेरा जास्त खरे सांगू शकतो. खोली न मोजता यंत्राच्या याद्या चाळत बसणे म्हणजे आधी कळस मग पाया.

या मताला सर्वांत मोठा पुरावा सर्वांत श्रीमंत सिम्युलेटरनेच दिला आहे. टायगर वुड्स आणि रोरी मॅकिलरॉय यांच्या कंपनीची टीजीएल ही स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये फ्लोरिडातल्या पाम बीच गार्डन्स इथे सुरू झाली. तिथला पडदा ६४ फूट रुंद आणि ५३ फूट उंच आहे. मोजमापाची हवी ती साधने त्यांना परवडत होती. तरीही पडद्याकडे मारायच्या फटक्यांसाठी त्यांनी खरे गवत आणि खरी वाळू आणली. जगातल्या उत्तम खेळाडूंनाही खालची जमीन खोटी नको होती.

आता आक्षेपांकडे येऊ. व्यावसायिक खेळाडू आणि प्रशिक्षक स्टुडिओत मॅटवरच महाग यंत्रे वापरतात, मग आपण का नको? कारण व्यावसायिकाचा आयर्न आधी चेंडूला लागतो आणि मग जमिनीला. मॅटला त्याची चूक झाकण्याची संधी क्वचितच मिळते. हौशी माणसाचे उलट आहे. ज्याला चांगल्या जमिनीची गरज सर्वांत जास्त, तोच तिच्यावर सर्वांत कमी खर्च करतो.

आम्हाला सराव नको, मित्र जमवून मजा करायची आहे, असेही म्हटले जाते. मजा जरूर करावी. पण मजेत मारलेल्या फटक्याचा धक्काही कोपरालाच बसतो, आणि नवख्या पाहुण्याचा फटका तर गॅरेजमधली सर्वांत धोक्याची गोष्ट. क्लबच्या मानेला लागलेला चेंडू, ज्याला शँक म्हणतात, उजव्या हाताच्या खेळाडूकडून तिरपा उजवीकडे सुटतो; पुष्कळ गॅरेजमध्ये त्या बाजूला नुसती भिंत नसते, गॅसवरचा वॉटर हीटर, विजेचे पॅनेल, नळ्या असतात. ड्रायव्हरने मारलेला साधारण हौशी खेळाडूचा चेंडू ताशी एकशे तीस मैलांच्या आसपास जातो. बाजूची जाळी आणि भिंतीवरची गादी यंत्राच्या आधी आली पाहिजे.

राहिला तिसरा मुद्दा, यंत्र बरोबर नेता येते हा. नेता येते, पण तोवर ते जुने झालेले असते. क्लब आणि चेंडू दोन्ही मोजणारी साधने एके काळी दहा हजार डॉलरच्या घरात होती. तशी आज तीन-चार हजारांत येऊ लागली आहेत. यंत्र घ्यायला थांबण्यात तोटा नाही. उलट चांगली मॅट आणि जाळीही उचलून नेता येते.

म्हणून माझ्या मते क्रम असा असावा. सर्वांत आधी उंची. ड्रायव्हरचा झोका घ्यायला बहुतेकांना नऊ-दहा फूट लागतात. छत आठ-नऊ फुटांचे असेल तर दार उघडणारी छतातली मोटार काढून भिंतीवर बाजूने बसणारी घ्यावी आणि दाराचे रूळ वर चढवून घ्यावेत. हे काम जाणकारानेच करावे, कारण दाराच्या स्प्रिंगमध्ये जीवघेणा ताण असतो. मग लाकडी पट्ट्यांना उताराच्या मापाने तिरपा छेद देऊन वर प्लायवुड टाकावे आणि पायाखालची जागा व मॅट एका पातळीत आणावी. हा चौथरा उंचीतले काही इंच खातो, म्हणून छताचा हिशेब आधी. त्यानंतर मॅट, जाळी आणि पडद्यामागे फूटभर मोकळी जागा, म्हणजे चेंडू उसळून परत येणार नाही. मग भिंतींना आणि दाराला उष्णतारोधन. फोम वापरला तर तो जिप्समच्या फळ्यांनी झाकावा, आणि आत गॅसची उपकरणे असतील तर खोली हवाबंद करण्याआधी त्यांना लागणाऱ्या हवेची सोय करावी. गारठलेला चेंडू मंद निघतो आणि मॅट कडक होते, म्हणून ऊबही मोजमापाचाच भाग आहे. प्रोजेक्टर त्यानंतर, आणि फिरकी मोजणारे यंत्र आधीच असेल तर त्याहून वरचे यंत्र सर्वांत शेवटी.

ज्याच्याकडे यंदा दोन-तीन हजार डॉलर बाजूला पडले आहेत, त्याने ते जमिनीत घालावेत. पहिल्या आठवड्यात पडद्यावरची अंतरे घटतील, काही फटके लाजिरवाणे दिसतील. ते घटलेले आकडेच खरे आहेत. सुधारणा त्यांच्यापासूनच सुरू होते.