घरच्या गेम नाइटसाठी बॅकग्राउंड साउंड: माहोल जमवा, बोलणं झाकू नका

डोंबिवलीतला आमचा वन बीएचके, शनिवारची रात्र, ठाणे-कल्याणहून आलेले मित्र आणि मेंढीकोटचा डाव. माहोल म्हणून मी मोबाइलवर पावसाचा आवाज लावला आणि ब्लूटूथ स्पीकर आजीच्या मागच्या कपाटावर ठेवला. हुकूम इस्पिक ठरला, पण आजीला ते ऐकूच गेलं नाही. तिने हुकमाचं पान साधं समजून टाकलं, हातची मेंढी गेली, सगळे हसले. "तुमचं चालू द्या," म्हणत ती आत गेली. चूक तिची नव्हती, माझ्या सेटिंगची होती.

आवाज आवाजाला झाकतो

याला 'मास्किंग' म्हणतात. स, श, त, क यांसारखी व्यंजनं हळू आणि क्षणभरच ऐकू येतात, आणि त्यांचा बराचसा भाग २,००० हर्ट्झच्या वरचा असतो. पावसाचा आवाज नेमका तिथपर्यंत पसरलेला असतो. वय वाढलं की आधी वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात. म्हणून आजीला आवाज येतो, पण शब्द कळत नाही.

हेच मास्किंग कधी कामालाही येतं. १९८६ मध्ये मॉस्कोत दिमित्री दाविदोफ या विद्यार्थ्याने तयार केलेला 'माफिया' घ्या. 'रात्र झाली, डोळे मिटा' म्हटल्यावर रातकिड्यांचा आवाज थोडा वाढवा. कोण हललं, कोणाच्या बांगड्या वाजल्या, हे शेजारच्याला कळत नाही. पण चर्चा सुरू झाली की लगेच कमी करा.

किती मोठा ठेवायचा?

मीटरभर अंतरावरून साधं बोलणं साधारण ६० डेसिबल भरतं. मागचा आवाज ४५ च्या आसपास ठेवा. मोबाइलवरचं साउंड मीटर फक्त अंदाज देतं, त्यामुळे खरी परीक्षा अशी: ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं त्याच्या जागेवर बसा आणि समोरच्याला हळू बोलायला सांगा. "काय?" म्हणावं लागलं, तर आवाज जास्त आहे.

सेटिंग

- स्पीकर कोणाच्याही कानामागे नको. टेबलापासून लांब, भिंतीकडे तोंड करून ठेवा.
- इक्वलायझरमध्ये २ ते ४ किलोहर्ट्झ कमी करा. बोलण्याला वाट मिळते.
- शब्द असलेली गाणी टाळा. ओळखीची भाषा कानावर पडली की लक्ष तिकडे जातं.
- फाइल डाउनलोड करून ठेवा, म्हणजे ऐन डावात जाहिरात वाजणार नाही.
- 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा, नाहीतर कोणाचा तरी कॉल स्पीकरवर वाजेल. जुना फोन असेल तर तोच वापरा.
- ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो, कधी ०.२ सेकंदांपर्यंत. पावसाला चालतं, पण क्विझच्या बझरसाठी वायर किंवा फोनचाच स्पीकर बरा.

स्वतःचा आवाज बनवा

तयार आवाजात परदेशी जंगलं खूप असतात. आपल्याकडे खिडकीच्या पत्र्यावरचा पाऊस आहे, लांबून जाणारी लोकल आहे. फोनच्या रेकॉर्डरवर तीन-चार मिनिटं रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शेवटचे पाच सेकंद कापून सुरुवातीवर ठेवा: कापलेला तुकडा फेड आउट, सुरुवात फेड इन. मग दोन्ही मिक्स करा, सांधा कळत नाही. फाइल एमपीथ्री नको, वेव्ह ठेवा. एमपीथ्री बनताना टोकांना किंचित शांतता जोडली जाते, आणि लूपमध्ये दर वेळी तिथे खंड पडतो.

दहानंतर

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. स्लॅबमधून खालच्या घरात पोचतो तो मुख्यतः बास, म्हणून १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कमी करा.

पुढच्या शनिवारी स्पीकर स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला, आवाज निम्म्याहून कमी. आजीने पानं लावली आणि विचारलं, "हुकूम कोण बोलतंय?" पाऊस तेव्हाही चालूच होता, पण तिच्या ते लक्षातही आलं नाही.